वर्गात प्रयोग घेताना लहान मुलांना सुरक्षितता कशी शिकवायची: नवीन शिक्षकांसाठी, पायरी पायरीने

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात जागोजागी "करून पहा" असं येतं, आणि नवीन रुजू झालेल्या शिक्षकाला त्या दोन शब्दांची धास्तीच वाटते. समोर तीस-पस्तीस मुलं, त्यातली निम्मी चुळबुळी, आणि आपल्याला डी.एड.ला प्रयोग कसा मांडायचा ते शिकवलेलं असतं पण प्रयोग चालू असताना मुलांनी हात कुठे ठेवायचे हे कोणी सांगितलेलं नसतं. मग बरेच जण फळ्यावर आकृती काढतात आणि धडा पुढे नेतात. मला ते बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी सातारा जिल्ह्यात वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत १४ वर्षं पहिली ते चौथी आणि काही वर्षं पाचवीही शिकवलीय, त्यामुळे खाली जे आहे ते सगळं फरशीवर बसणाऱ्या मुलांना, एका बादली पाण्यात आणि एका कपाटात भागवून केलेलं आहे.

आधी माझ्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

चौथीचा वर्ग. ताटलीत रंगीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं, मुलं टाळ्या वाजवतात. प्रयोग झकास झाला. दुपारी शुद्धलेखन घेताना बघितलं तर एक मुलगी डाव्या हाताने लिहितेय. उजवा हात फ्रॉकच्या खिशात. हात बाहेर काढायला लावला तर दोन बोटांच्या टोकांवर टपोरे फोड. उपड्या ग्लासचा वरचा भाग ज्योतीने तापला होता, तिने आवरायला मदत म्हणून तो तिथेच धरून उचलला. सकाळी ११ वाजता भाजलं होतं आणि मला कळलं ३ वाजता. "सांगितलं का नाहीस गं?" म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही ओरडला असता." पंधरा दिवसांपूर्वी एका मुलाच्या हातून ग्लास फुटला तेव्हा मी सगळ्या वर्गासमोर त्याच्यावर ओरडले होते, ते तिने लक्षात ठेवलं होतं. सगळ्या वर्गानेच ठेवलं होतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात पहिला नियम एकच: फुटलं, सांडलं, भाजलं, आधी बाईंना सांग, बाई ओरडणार नाहीत. काच, आग, चुना यातलं बरंचसं आपल्याला आवरता येतं. मुलाने लपवलेलं मात्र कोणालाच आवरता येत नाही. बाकीच्या पायऱ्या याच्यानंतर.

१. आधी घरी एकट्याने करून बघा, त्याच सामानाने

पुस्तकात चित्र बघितलं, यूट्यूबवर व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवशी थेट वर्गात केलं, असं करू नका. व्हिडिओत ग्लास कुठला होता, मेणबत्ती किती उंचीची होती, कापलेला भाग कुठला हे आपल्याला कळत नाही. तुमच्याकडचा पातळ चहाचा ग्लास ज्योतीवर तडकतो का, तळ किती वेळ गरम राहतो, पाणी कुठे सांडतं, हे आदल्या रात्री स्वयंपाकघरात कळलेलं बरं. मी करताना दोन गोष्टी वहीत लिहिते: कुठे हात भाजू शकतो, आणि मुलं कुठे हात घालतील. दुसऱ्या गोष्टीसाठी स्वतः उकिडवं बसून मुलाच्या उंचीवरून बघा. आपण टेबलाशी उभे असतो तेव्हा ज्योत आपल्या कमरेला असते, पण तिसरीतल्या पोराच्या ती बरोबर तोंडासमोर येते, केसांच्या पातळीला. हे उभं राहून कधी लक्षातच येत नाही.

२. सामान जमवा, आणि काही गोष्टी वर्गाबाहेरच ठेवा

ही यादी करून एका वेगळ्या खोक्यात ठेवा, म्हणजे ऐनवेळी पळापळ नको:

- पाण्याने भरलेली बादली आणि तांब्या, दुसरी वाळूची बादली
- जुन्या सुती चादरीचा मोठा तुकडा (ओला करून ठेवायचा) आणि सुती फडकी
- जाड काचेची बरणी, लोणच्याची किंवा जॅमची चालते, पातळ ग्लासपेक्षा ती पुष्कळ बरी
- बुटक्या जाड मेणबत्त्या, उंच बारीक नको, त्या कलंडतात
- रबरी पट्ट्याचे सुरक्षा चष्मे, लहान मापाचे, निदान एका गटाला पुरतील एवढे. नंबरचा चष्मा त्याच्या जागी चालत नाही, त्याच्या कडेने शिंतोडे आत जातात
- लांब चिमटा किंवा सांडशी
- केसांना लावायची रबरं, मूठभर
- झाडू, सुपली, जुनी वर्तमानपत्रं (फुटलेल्या काचेसाठी)
- प्रथमोपचार पेटी: स्वच्छ गॉज, बँडेज, चिकटपट्टी, कात्री, पेटी उघडून तारखा बघा, वर्षानुवर्षं कोणी बघितलेल्या नसतात

प्राथमिकच्या वर्गात ज्या गोष्टी आणूच नका: पाऱ्याचा थर्मामीटर (फुटला की पाऱ्याचे मणी मुलं बोटांनी गोळा करतात, त्याची वाफ विषारी असते), मोरचूद, कॉस्टिक सोडा, टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड, चुनकळी, स्पिरिटचा दिवा. आठवीला शिकवणाऱ्या सरांकडून "घेऊन जा की" म्हणून मिळेल, तरी नको. मोरचुदाचा खडा निळ्या खडीसाखरेसारखा दिसतो आणि सहा वर्षांच्या मुलाला तो खडीसाखरच वाटतो.

आणि मोठा सापळा म्हणजे बाटल्या. उरलेलं व्हिनेगर, चुन्याची निवळी, फिनेल असलं काहीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, एक दिवससुद्धा. चिठ्ठी लावली तरी नको, पहिलीतल्या मुलाला चिठ्ठी वाचता येत नाही, तहान मात्र लागते. तसंच पोषण आहाराची ताटं-वाट्या प्रयोगाला घेऊ नका. प्रयोगाची भांडी वेगळी, त्यांना ऑइलपेंटने लाल पट्टा मारून ठेवा.

३. मुलांची माहिती आणि फोन नंबर एका कागदावर

जूनमध्येच करून टाका. कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, कोणाला शेंगदाण्याची किंवा फुग्याच्या रबराची अ‍ॅलर्जी आहे, कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हे पालकसभेत विचारून लिहून घ्यायचं आणि पालकाची सही घ्यायची. त्याच कागदावर प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, गावात गाडी असणाऱ्या दोघांचे नंबर, १०८ रुग्णवाहिका आणि ११२. कागद कपाटाच्या आत ठेवू नका, वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की उद्या अमुक वेळी ज्योत वापरणार आहे, आणि शिक्षक डायरीत तशी एक ओळ लिहायची.

४. नियम पाचच, आणि "काय करायचं" असे

भिंतीवर वीस नियमांचा तक्ता लावला की आपल्याला समाधान वाटतं पण मुलांच्या डोक्यात एकही राहत नाही. शिवाय "हात लावू नको" म्हटलं की मुलाचं लक्ष नेमकं हाताकडेच जातं. हात कुठे ठेवायचा ते सांगितलं की ते जमतं. माझे पाच:

1. हात मांडीवर, डोळे प्रयोगावर.
2. तोंडात फक्त डब्यातलं.
3. वास हाताने ओढून घ्यायचा.
4. बाई "स्टॅच्यू" म्हणाल्या की स्टॅच्यू.
5. फुटलं, सांडलं, भाजलं, आधी सांगायचं.

हे पाठ करून घेऊ नका. प्रत्येक नियमाला एक हातवारे ठरवा आणि प्रयोगाआधी मुलांनीच ते करून दाखवायचे, अर्धं मिनिट लागतं.

५. रंगीत तालीम (ही पायरी गाळू नका)

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते. गॅदरिंगच्या नाचाची आपण महिनाभर तालीम घेतो आणि ज्योतीच्या प्रयोगाची एकदाही घेत नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आता वर्षाच्या सुरुवातीला दोन तास नुसती तालीम, आणि पुढे प्रत्येक प्रयोगाआधी पाच मिनिटं.

स्टॅच्यू. हा खेळ मुलांना येतोच. मैदानात पळापळी चालू असताना मध्येच ओरडायचं "स्टॅच्यू", जो जिथे आहे तिथे थिजला पाहिजे. मग वर्गात, मग हातात पाण्याचा पेला असताना. हातात पेला असताना थिजायचं म्हणजे पेला न टाकता, न पळता, हे वेगळं शिकवावं लागतं, कारण दचकलं की लहान मूल हातातलं सोडून देतं. आठवडाभरात तुमच्या एका शब्दावर वर्ग थांबतो. प्रयोगाच्या वेळी हा शब्द खेळ म्हणून वापरायचा नाही, हेही मुलांना सांगून ठेवा.

गरम आणि गार. दोन सारखे स्टीलचे पेले. एकात माठातलं पाणी, एकात चहाइतकं गरम पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून टाकलेलं. दोन्ही पुसून वर्गासमोर ठेवायचे आणि विचारायचं, यातला गरम कुठला? मुलं वाकून वाकून बघतात, एकजण हमखास म्हणतो डावा, दुसरा उजवा, भांडणं होतात. मग तळहाताची मागची बाजू पेल्याच्या जवळ, न टेकवता, न्यायला शिकवायचं. ऊब लागली की तिथेच थांबायचं. एकदा एक पोरगं हात जवळ नेऊन डोळे मोठे करून म्हणालं, "बाई, दिसत नाय पण हाय!" गरम भांडं आणि गार भांडं दिसायला सारखंच असतं, ही गोष्ट त्याला त्या दिवशी हाताने कळली. हे मी त्या मुलीच्या फोडांनंतर सुरू केलं, आणि त्याआधी करायला हवं होतं.

वास. कापलेला कांदा घ्या. नाक बाटलीच्या तोंडाला लावायचं नाही, हात पंख्यासारखा हलवून थोडासा वास आपल्याकडे ओढायचा. कांद्याने डोळ्यात पाणी येतं म्हणून मुलांना लांबून वास घेण्याचं कारण लगेच पटतं.

कपडे पेटले तर. थांब, झोप, लोळ. दोन्ही हातांनी तोंड झाकून सतरंजीवर लोळायचं. पळालं की वाऱ्याने आग वाढते, आणि घाबरलेलं मूल आधी पळतंच, म्हणून अंगाला सवय लागेपर्यंत घ्या. बाकीच्यांनी धावून जाऊन हाताने विझवायचं नाही, ओली चादर बाईंनी टाकायची.

सांगायला येण्याची तालीम. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि ही खरं तर आपली स्वतःची तालीम आहे. मी एका मुलाला आधीच सांगून ठेवते की तू मुद्दाम पाणी सांड. तो सांडतो, वर्ग "बाई याने सांडलं!" म्हणून ओरडतो. त्या मुलाने जागेवरून हात वर करून सांगायचं, "बाई, माझ्याकडून सांडलं." आणि मी म्हणायचं, "बरं झालं सांगितलंस. बाजूला ये." एवढंच. चेहरा न बदलता. मग प्रत्येकाची पाळी. कोणी "बाई, फुटलं" म्हणतं, कोणी "बाई, भाजलं", आणि दरवेळी माझं वाक्य तेच. वर्गाने चहाडी करायची नाही, ज्याच्याकडून झालं त्यानेच सांगायचं, हे पण यातच बसतं. खरंच काही फुटतं त्या दिवशी पहिल्या सेकंदाला तुमच्या तोंडून काय बाहेर पडतं त्यावर पुढचं वर्ष ठरतं, म्हणून हे वाक्य आपल्याही तोंडात बसलेलं असू दे. शिस्तीचं बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, एकट्याला घेऊन.

शेवटी न पेटवलेली मेणबत्ती ठेवून पूर्ण प्रयोग खोटा खोटा करायचा. "आता ही पेटलीय" म्हटलं की मुलं खरोखर मागे सरकतात. जी मुलं सरकत नाहीत ती बघून ठेवा, प्रयोगाच्या दिवशी त्यांना आपल्या जवळ, कामाला लावून ठेवायचं.

६. बसायची जागा: खडूचं रिंगण

प्रयोग फरशीवर, मध्ये. त्याच्याभोवती दोन हातांवर खडूने गोल काढायचा आणि मुलं गोलाबाहेर मांडी घालून. गोलाच्या आत फक्त बाई आणि ज्याचं नाव घेतलं तो. बाक असतील तर बाक मागे सरकवा, बाकावर उभं राहून बघू देऊ नका. मागच्यांना दिसत नसेल तर प्रयोग दोनदा करा, मुलं वाकून वाकून पुढे येतात ती दिसत नाही म्हणूनच.

पंखा बंद. दार उघडं, आणि दारापर्यंतची वाट मोकळी, दप्तरं एका बाजूला. दोन वेण्या असतील तर वर बांधलेल्या, सुटे केस रबरात, रिबिनीचे लोंबते शेव खोचलेले, बाह्या दुमडलेल्या, स्वेटर-मफलर काढलेला. आपली ओढणी किंवा पदरसुद्धा कमरेला खोचायचा, मुलं आधी आपल्याकडे बघतात. टेरिलिन-नायलॉनचं कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. गणवेश बहुधा मिश्र कापडाचाच असतो, तेव्हा ज्योतीजवळ अंतर हाच उपाय.

द्विशिक्षकी शाळेत दुसरा वर्गही आपल्याच खोलीत असतो. त्या वेळी ज्योत एकच, आपल्यासमोर, आणि दुसऱ्या वर्गालाही प्रेक्षक म्हणून बसवून घ्यायचं. त्यांना पाढे लिहायला लावून आपण पाठ फिरवायची नाही.

७. प्रत्यक्ष प्रयोग: कुठे काय बिघडतं

ज्योत: पहिली-दुसरीला फक्त बघणं. तिसरी-चौथीला बरणी घालणं, पाणी ओतणं अशी कामं, पेटवायचं आपण. पाचवीला एकेकाने, आपण हाताशी असताना, मेणबत्ती पेटवायला हरकत नाही, तेही शिकायला हवंच. काडेपेटी आपल्या खिशात, जळलेली काडी ओल्या वाटीत. मेणबत्ती स्टीलच्या ताटलीत मेणाच्या थेंबावर घट्ट बसवा. झाल्यावर बरणी तशीच ठेवून पाच मिनिटं कोणी हात लावायचा नाही, मग आपणच उचलायची, खालच्या कडेला धरून. सॅनिटायझर लावलेल्या हातांनी ज्योतीजवळ अजिबात जायचं नाही, अगदी आपणसुद्धा. त्यातलं अल्कोहोल पेटतं आणि त्याची फिकट निळी ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही. करोनाच्या वेळचे कॅन अजून कितीतरी शाळांच्या कपाटात पडून आहेत, प्रयोगाच्या खोलीतून हलवा. हात साबणाने धुवा.

चुन्याची निवळी: नळीने फुंकर मारून निवळी दुधाळ करायची, प्रयोग छान आहे, पण लहान मूल सवयीने नळी ओढतं, सरबतासारखी. नळीला वरच्या टोकापासून दोन बोटांवर टाचणीने भोक पाडा, ओढलं तर त्या भोकातून हवाच येते, फुंकलं तर बुडबुडे येतात. आधी साध्या पाण्यात फुंकायची तालीम घ्या. निवळी आपण तयार करून आणायची, चुनकळी वर्गात विरघळवायची नाही, पाणी पडल्यावर ती उकळल्यासारखी तापते आणि उडते. पानाच्या चुन्याची ट्यूब तर मुलांच्या हातात देऊच नका, दाबली की पिचकारी थेट डोळ्यात जाते आणि चुना डोळा कायमचा घालवू शकतो. घरोघरी ही ट्यूब असते, म्हणून हे मुलांनाही सांगा आणि पालकांनाही.

सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर: झाकण लावायचं नाही, कधीच नाही. बाटलीत गॅस कोंडला की बाटली फुटते. विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, मोठा ज्वालामुखी करायची हौस येते आणि मग सोडा चमच्याऐवजी वाटीने पडतो. चमचा मोजूनच. चष्मे घालूनच, लिंबाचा रस डोळ्यात गेला तरी मूल कळवळतं. आणि साफसफाईच्या गोष्टी एकमेकीत मिसळू नका, ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेट क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू होतो, छातीत भरतो.

सेल आणि दिवा: दीड व्होल्टचा साधा सेल वापरा. सेलची दोन्ही टोकं नुसत्या वायरने जोडली की वायर तापते, तेवढं आधी दाखवून द्या. बटणासारखे चपटे सेल अजिबात नकोत, मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला लागते. तसेच ते छोटे चमकदार ताकदीचे लोहचुंबक, दोन गिळले की आतडं मध्ये पकडतात. आणि या प्रयोगानंतर प्रत्येक वेळी, न चुकता, घरातल्या प्लगबद्दल बोला. सेलचा दिवा लागला की मुलाच्या डोक्यात येतं तीच वायर भिंतीतल्या भोकात घालून बघू, आणि तिथे २३० व्होल्ट असतात.

बियांना मोड आणणं: सगळ्यांना वाटतं यात काय होणार. हरभरा, वाटाणा नाकात किंवा कानात घालणारं एक तरी मूल दर वर्षी निघतं. बी ओलाव्याने आत फुगते. पहिली-दुसरीला मोजून बिया द्या, मोजून परत घ्या.

पानं-बिया गोळा करणं: परिसर फेरीला निघण्याआधी त्या वाटेवरून स्वतः चालून या. रुईचा चीक डोळ्याला फार वाईट, पान तोडून तोच हात डोळ्याला लावतात. धोतरा, कण्हेर, गुंजा विषारी. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळेतल्या मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात, शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात. खाजकुइली दिसली तर त्या बाजूला फिरकूच नका. ही झाडं मुलांना लांबून नावानिशी दाखवा, नुसतं "काही तोडू नका" म्हणून भागत नाही.

पावावरची बुरशी: पारदर्शक पिशवीत बंद करूनच, उघडून हुंगायची नाही, तशीच बांधलेली फेकायची. भिंग: उन्हात सोडून जायचं नाही आणि त्यातून सूर्याकडे बघायचं नाही.

८. काही झालंच तर

पहिला शब्द "स्टॅच्यू", दुसरं वाक्य "बरं झालं सांगितलंस". मग:

- भाजलं तर गार वाहतं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. नळ नसेल तर तांब्याने धार धरा, दोन बादल्या तरी लागतात. बांगड्या, मनगटातला दोरा सूज यायच्या आत काढा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ यातलं काही नाही. चिकटलेला कपडा ओढायचा नाही, फोड फोडायचा नाही. स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखाना.
- डोळ्यात गेलं तर चोळू न देता लगेच धुवा, डोळा उघडा धरून नाकाकडून कानाकडे धार, निदान २० मिनिटं. चुना असेल तर कण दिसतील ते धारेने काढत धुणं चालू ठेवा, गाडीतही, आणि थेट रुग्णालय.
- गिळलं तर उलटी करवू नका. पाकीट किंवा बाटली सोबत घेऊन जा.
- नाकात बी अडकली तर चिमट्याने टोकरू नका, आत जाते. कानात पाणी किंवा तेल घालू नका. दवाखान्यातच.
- काच फुटली तर मुलांनी जागेवरून हलायचं नाही, अनवाणी असतातच. मोठे तुकडे झाडूने, बारीक ओल्या वर्तमानपत्राने टिपून.

पालकांना लगेच फोन, लहानसं असलं तरी. संध्याकाळी मुलाच्या तोंडून कळलं तर पुढच्या वर्षी कोणी पत्रकावर सही करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

९. आवराआवर

घंटा वाजते आणि सगळा घोळ इथेच होतो, माझाही इथेच झाला होता. म्हणून तासाची शेवटची दहा मिनिटं आवरण्यासाठी राखून ठेवायची, प्रयोग अर्धा राहिला तरी चालेल. गरम आणि काचेचं आपण, बाकीचं मुलं. सेल, चुंबक, बिया, टाचण्या मोजून खोक्यात. निवळी भरपूर पाण्याबरोबर मोरीत. मग सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, नखांसकट, आणि त्यानंतरच खिचडी. रांगेत हात धुताना मी प्रत्येकाचे तळहात उलटे-सुलटे बघते. एवढ्यासाठीच ती रांग.

१०. त्याच संध्याकाळी पालकांना मेसेज

मुलं घरी जाऊन तोच प्रयोग करणार, हे धरूनच चाला. मी ग्रुपवर हा मेसेज टाकते, हवा तर तुम्हीही तसाच घ्या:

"नमस्कार. आज चौथीत मेणबत्ती आणि बरणीचा प्रयोग केला. मुलं घरी करून दाखवायचा हट्ट धरतील. मोठं माणूस शेजारी बसलं असेल तरच करू द्या, काडेपेटी तुमच्या हातात ठेवा. बरणी वरून गरम होते. भाजलं तर २० मिनिटं गार पाणी, टूथपेस्ट-हळद नको. आणि कृपया मुलाने काही सांडलं-फोडलं तर ओरडू नका, म्हणजे ते पुढच्या वेळीही सांगेल."

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर मुलांना वहीत लिहून घ्यायला लावते आणि खाली सही आणायला सांगते. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर विचारायचं, काल कोणी घरी करून बघितलं? सुरुवातीला कोणी हात वर करत नाही. थांबायचं, परत विचारायचं. एखादा हात अर्धवट वर येतो, त्याला पुढे बोलवून कसं केलं ते न पेटवता करून दाखवायला लावायचं, आणि जिथे चुकलं असेल तिथे त्याचा हात धरून नीट करून घ्यायचं.